सोप्या वाटेची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, रानातली. माझ्यावर कोणी पाढे गिरवले नाहीत की मला कोणी दप्तरात घातले नाही. कर्जतच्या पुढे, कोंडाणे लेण्यांच्या अंगाला डोंगरात राखीव जंगल आहे. तिथे खालून एकच पायवाट वर येते आणि माझ्यापाशी येऊन तिच्या दोन होतात. डावी वाट डोंगराच्या कुशीने आडवी जाते, करवंदीच्या जाळ्यांमधून, अंजनीच्या सावलीतून, आणि पाऊण तासात झऱ्यावर पोचते. नातवंडाचे बोट धरून आजीबाईने जावे इतकी ती साधी आहे. उजवी वाट कड्याची. ती मध काढणाऱ्यांची. तिच्यावर मुरमाची घसरण आहे आणि घसरणीखाली खोल घळ. आलेल्या माणसाला डावीकडे पाठवायचे, एवढेच माझे काम.

माझा जन्म चौकचा. हायवेच्या कडेला एका सुताराकडे मोडीत निघालेल्या टेंपोच्या हौद्याची फळी पडली होती. ती मी. तरुणपणी मी पुष्कळ हिंडले आहे, मुंबईचा बाजार पाहिला आहे, भाज्यांपासून सिमेंटपर्यंत सगळ्यांचे ओझे वाहिले आहे. सुताराने मला तासले, एक टोक बाणासारखे निमुळते केले आणि खैराच्या खांबावर ठोकले. ज्या फळीने घाट पालथे घातले तिने आता एका जागी उभे राहायचे! पहिले काही दिवस मला करमलेच नाही.

मला रंगवले ते चांगोने. चांगो पायथ्याच्या गावचा, भातशेती करणारा. गावच्या समितीने वाटांची देखरेख त्याच्याकडे दिली होती. शाळा चौथीपर्यंतच झाली होती, पण अक्षर असे की तलाठ्याने पाहत राहावे. पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत त्याने दोन्ही अंगांनी लिहिले, 'सोपी वाट – झरा'. 'सोपी'ची वेलांटी जरा जास्तच लांबली. त्याची बायको मोतीबाई हसून म्हणाली की ही वेलांटीच झऱ्यापर्यंत पोचेल. चांगोने ती पुसली नाही. मलाही ती आवडते.

मग माझे सुखाचे दिवस आले. सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे येत. कोणाचे गुडघे दुखत, कोणाच्या कडेवर मूल असे. माझ्याजवळ येऊन ती मोठ्याने वाचत आणि त्यांचा जीव भांड्यात पडे. माझ्या खांद्यावर हात टाकून ती फोटो काढत. चांगो दर उन्हाळ्यात माझ्या बुंध्याशी दगड ठोकून माती घट्ट करी. खंडेनवमीला घरातला कोयता, कुदळ, नांगराचा फाळ पुजून झाला की तो एक झेंडूची माळ घेऊन डोंगर चढे आणि माझ्या गळ्यात घाली. लोक हसत. तो म्हणे, ज्याच्यावर पोट चालतं ते हत्यारच.

पण एक गंमत तुम्हाला सांगते. गावातले कोणी मला कधीच वाचत नसे. त्यांना काय गरज? वाट त्यांच्या पायांना पाठ. मोतीबाई रोज गवताचा भारा डोक्यावर घेऊन माझ्या अंगाला घासून जाई आणि मान वर करीत नसे. मला त्याचे वाईट वाटत नव्हते. वाटायला हवे होते.

चार वर्षांपूर्वी चांगो विसरू लागला. आधी कोयता कुठे ठेवला ते, मग जेवलो की नाही ते, मग शेजाऱ्यांची नावे. काम सुटले. माझ्या बुंध्याशी दगड ठोकायला त्याच्यानंतर कोणी आले नाही. एकदा तर तो खाली उतरायच्या ऐवजी भलत्याच रानात शिरला आणि दिवसभर सापडला नाही. त्यांची मुलगी हर्षला रसायनीला दिली आहे. ती धावत आली. माझ्यापाशीच मायलेकींचे बोलणे झाले. बाबांना एकटे सोडायचे नाही, दाराला कडी लाव, नाहीतर मी त्यांना घेऊन जाते, असे हर्षलाचे म्हणणे. मोतीबाई माझ्यावर थाप मारून म्हणाली, "कोंडून ठेवला तर चार महिने नाय जगायचा गं तो. वाट इसरलाय, वाचाया नाय इसरला. घरापास्नं हितवर सरळ वाट हाय. फुडं ही पाटी हाय."

आणि खरेच तसे चालले. रोज सकाळी चांगो हळूहळू वर यायचा. माझ्यासमोर उभा राहायचा. बोट फिरवीत एकेक अक्षर लावायचा, "सो...पी...वाट." मग चेहऱ्यावर असे समाधान यायचे, जणू हरवलेली वस्तू सापडली. बाणाकडे बघून तो डावीकडे वळायचा, झऱ्यावर जाऊन पाय बुडवून बसायचा आणि आल्या वाटेने परत यायचा. ही अक्षरे आपणच रंगवली हे त्याला आठवत नव्हते. एकदा तो मला म्हणाला, "कोन लिवतो रं, लय झाक लिवतो."

मित्रांनो, त्या माणसाचे सगळे हिंडणे-फिरणे माझ्या एका बाणावर उभे होते. आणि माझा बुंधा सैल झाला होता.

यंदा हस्ताचा पाऊस मुरवणीचा पडला. माती लोण्यासारखी झाली. एका शनिवारी संध्याकाळी गावातल्या गोमाची म्हैस माझ्यापाशी आली आणि खांबाला मान खाजवू लागली. तिला सुख लागले, तिने आणखी जोर केला. मी खांबासकट फिरले. माझे टोक डाव्या वाटेवरून सरकले आणि उजवीकडे कड्याच्या वाटेवर जाऊन थांबले. म्हैस निघून गेली. तिला काय बोलायचे?

रविवारी तीन तरुण आले, मला वाचून कड्याकडे गेले आणि तासाभराने चिखलाने माखून परतले. "सोपी म्हणे!" असे म्हणून खदाखदा हसले, माझ्याबरोबर एक फोटो काढला आणि गेले. एकानेही हात लावला नाही. रविवारी मोतीबाई दोनदा गेली, सोमवारी दोनदा. डोक्यावर भारा, नजर पायाखाली. मला तोंड असते तर मी ओरडून ओरडून फाटले असते. दोन्ही दिवस चांगोला कणकण होती म्हणून तो आला नाही. मी देवाला हात जोडले असते, पण हातही नाहीत.

मंगळवारी तो आला. मोतीबाईने धुतलेला सदरा, हातात काठी. माझ्यासमोर उभा राहिला. बोट फिरवले. "सो...पी...वाट." तेच समाधान. त्याने बाणाकडे पाहिले आणि उजव्या वाटेकडे पाहिले. तिथे क्षणभर तो अडखळला. पाय डावीकडे ओढत होते. मी म्हणत होते, चांगो, पायांचे ऐक, माझे ऐकू नकोस. त्याने पुन्हा मला वाचले. मग मान डोलावली, शहाण्या मुलासारखी, आणि तो कड्याकडे चालू लागला. काठीचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग मुरूम घसरल्याचा आवाज आला.

दुपारी मोतीबाई शोधत आली. हाका मारत डावीकडे झऱ्यापर्यंत धावली, धावतच परत आली आणि दम घ्यायला माझ्या खांबाला टेकली. खांब हलला. तेव्हा तिने मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला वाचले. खाली गावाकडे तोंड करून तिने गोमाच्या नावाने टाहो फोडला.

गोमा आणि गावची चार माणसे घळीत उतरली. चांगो जिवंत होता. मांडीचे हाड मोडले होते. बांबूला घोंगडी बांधून त्यांनी त्याला झोळीतून आणले आणि माझ्यापाशी घटकाभर टेकले. मोतीबाई त्याच्या तोंडावरची माती पुसत रडत म्हणाली, "पाटी फिरली व्हती वो. तुमचं काय बी चुकलं नाय. मीच बघितलं नाय."

चांगोने तिच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "पाटी कशी चुकंल गं?" तो म्हणाला. "माजंच वाचायचं चुकलं."

गोमाने दुसऱ्याच दिवशी मला सरळ केले आणि बुंध्याशी पहारीने दगड ठोकले. आता दहा म्हशी आल्या तरी मी हलणार नाही. हाड तीन महिन्यांत सांधले. पण मोतीबाई परवा गोमाला सांगत होती ते मी ऐकले. ती रोज त्याला समजावते की पाटी फिरली होती. तो हो म्हणतो. संध्याकाळपर्यंत ते विसरतो, आणि आपल्याला वाचता येत नाही एवढेच त्याच्या लक्षात राहते. दाराला कडी नाही. तो ओटीवर बसून असतो. औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून दाखवा म्हटले तर तोंड फिरवतो.

मित्रांनो, वाट दाखवणाऱ्यावर नुसता विश्वास ठेवू नका, त्याच्याकडे लक्षही ठेवा. कुठे पाटी दिसली तर वाट माहीत असली तरी एकदा मान वर करा, खांबाला हात लावून पाहा. तुम्हाला तिची गरज नसेल. पण तुमच्या मागून कोणीतरी तिच्यावर जीव टाकून येत असेल. आणि तुमच्यापैकी कोणी त्या गावात गेला, तर ओटीवरच्या त्या म्हाताऱ्याला एकच निरोप द्या. त्याने बरोबर वाचले होते.