पावणेसहाची एसटी

"मंग? पोऱ्या गाडीमा बठना, नि मंग?"

बेबाबाईने विचारलं आणि कापसाच्या ओळींतले सगळ्यांचे हात मंदावले. भिकुबाईने घाई केली नाही. तिने समोरचं बोंड मोकळं केलं, कापूस ओटीत टाकला, कंबर सरळ केली आणि पदराने कपाळ पुसलं.

"मंग काय, गाडी सुटनी," ती म्हणाली. "पोऱ्या खिडकीपान बठेल शे. कोनासंगे बोलत नही."

चिंचखेडं हे धुळ्याच्या अलीकडचं गाव. पंच्याऐंशी सालाच्या आसपास तिथे रेडिओ बरेच होते, टीव्ही एकही नव्हता. पिक्चर पाहायचा तर धुळं गाठावं लागे, आणि ते बायकांना कुठून जमणार? म्हणून त्या सगळ्यांच्या वाटचा पिक्चर भिकुबाई शनिवारी पाहून येई आणि सोमवारपासून वेचणीत सांगे. एक पिक्चर आठवडाभर पुरे. गाणं आलं की ती गाऊन दाखवी, मारामारी आली की कंबरेवर हात ठेवून उभी राही.

वेचणीची मजुरी वजनावर. बोलणाऱ्या बाईचा हात मागे पडणारच. म्हणून संध्याकाळी काट्यावर जाण्याआधी प्रत्येक बाई आपल्या कापसातली एक मूठ भिकुबाईच्या गाठोड्यात टाकी. असं कुणी ठरवलं नव्हतं. एकीने टाकली, दुसरीने पाहिली आणि रीत पडली. तिला 'पिच्चरनी मूठ' म्हणत. मारामारीच्या दिवशी बेबाबाईची मूठ मोठी असे. रडारड झाली की ती म्हणे, आज तुझा हिरो फार रडला, आज अर्धीच मूठ.

भिकुबाईला दर शनिवारी धुळ्याला जायला घरातून आडकाठी नव्हती, कारण तिचा नवरा उखर्डू लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. त्याला नव्या चाली लागत. स्वतः टॉकीजमध्ये बसला की त्याला पहिल्या गाण्यातच झोप लागे. भिकुबाई मात्र चाल कानात धरून आणी. संध्याकाळी ओट्यावर ती गुणगुणे आणि तो क्लॅरिनेटवर बोटं फिरवून ती पकडे. लग्नसराईत वरात वेशीपाशी आली की बायका बँडच्या मागे चालत आणि एकमेकींना कोपराने ढोसत. हे गाणं आपल्या कापसातलं. भिकुबाई तेव्हा मुद्दाम बँडच्या अगदी जवळून चाले. ताशाचा ठोका छातीत बसला की तिला वाटे, सगळं गाव आपणच वाजवतो आहोत.

तर असं सगळं सुखाचं होतं. एकच गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

शनिवारी ती मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन धुळ्यात पाचकंदिलाच्या बाजारात बसे. माल खपेपर्यंत दोन वाजून जात. मग आग्रा रोडवरच्या टॉकीजचा तीनचा खेळ. आणि चिंचखेड्याची शेवटची एसटी पावणेसहाला. पिक्चर सहाच्या पुढे सुटे. त्यामुळे ऐन रंगात आलेला पिक्चर सोडून भिकुबाईला उठावं लागे. दाराशी एक जाड काळा पडदा होता. तो हातात धरून ती एकदा मागे वळून पाही, आणि मग पिशवी काखेत मारून स्टँडकडे पळत सुटे.

तिने आयुष्यात एकाही पिक्चरचा शेवट पाहिला नव्हता.

शेवट ती एसटीत बसून जुळवी. खिडकीतून पांझरा नदी मागे पडे, दिवस कलता होई, आणि भिकुबाई मनातल्या मनात कुणाचं लग्न लावी, कुणाला तुरुंगातून सोडवी, हरवलेला भाऊ शोधून काढी. पहिल्यांदा तिला वाटलं होतं की सोमवारी खरं सांगून टाकावं. पण सोमवारी सगळ्या जणी वेचणं थांबवून तिच्याकडे पाहायला लागल्या, तेव्हा 'माले ठाऊक नही' हे शब्द तिच्या तोंडून निघेनात.

त्या दिवशीच्या पिक्चरमध्ये बापाने हाकलून दिलेला मुलगा होता. तो दूर बंदरावर हमाली करतो, पुढे बाप मरतो, आणि मुलगा घरी यायला गाडीत बसतो. इथे भिकुबाई उठली होती. पुढचं सगळं तिचं होतं.

"पोऱ्यानं दार लोटं," ती सांगत होती. "माय चुल्हापान बठेल."

"माय काय बोलनी?"

हे ताईबाईने विचारलं होतं. ताईबाई कधी काही विचारत नसे. ती या सगळ्यांत वडील, विधवा, घरी एकटी. तिचा मुलगा अभिमन बापाशी भांडून सुरतेला गेला होता. बाप गेला तरी तो आला नाही. त्याला कळलं की नाही, हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

भिकुबाईने एसटीत वेगळाच शेवट जुळवला होता. त्यात आई हंबरडा फोडणार होती. तो तिने तिथल्या तिथे टाकून दिला.

"काहीच नही बोलनी, अक्का. इतलंच म्हने, हात धोय. ताटमा भाकर व्हतीच."

"व्हतीच?"

"रोज एक जास्तीनी करी ठेवे ना ती."

ताईबाई पुन्हा वाकली आणि वेचू लागली. संध्याकाळी तिने भिकुबाईच्या गाठोड्यात मूठ टाकली ती दोन्ही हातांची ओंजळ होती. आणि काही दिवसांनी भिकुबाई विस्तव मागायला तिच्याकडे गेली, तेव्हा टोपल्यात दोन भाकरी होत्या. एकीच्या जेवणाला एक पुरे. सकाळी ती दुसरी भाकर गाईच्या तोंडी जाताना भिकुबाईने पाहिली. दुसऱ्या दिवशीही पाहिली. मग तिने सकाळी त्या बोळातून जाणंच सोडलं.

दोन वर्षं अशीच गेली.

तिसऱ्या वर्षी खंडेरावाच्या यात्रेला मंडळाने तमाशा न आणता व्हिडिओ आणायचं ठरवलं. मंडळाचा पुढारी पुना शिंपी. रात्रीचा खेळ पुरुषांचा, दुपारचा तीनचा बायकांचा, शाळेच्या खोलीत. पुनाने हापशावर येऊन पिक्चरचं नाव सांगितलं, तेव्हा बायकांनी एकच गलका केला. हाकलून दिलेल्या मुलाचा तो पिक्चर त्यांना पाठ होता.

"पदर मोठा लई या," पुना म्हणाला. "शेवटले तो पोऱ्या येस, नि माय मरी जायेल ऱ्हास. मी धुयाले दोन डाव रडनू."

भिकुबाईचा हंडा भरून वाहू लागला तरी तिचं लक्ष नव्हतं.

त्या संध्याकाळी ती पुनाकडे गेली. दुसरा पिक्चर आण, देवाधर्माचा आण, यात्रेला शोभेल, असं तिने परोपरीने सांगून पाहिलं. पुनाने शिवणाचं मशीन न थांबवताच उत्तर दिलं, की कॅसेट धुळ्याहून ठरवून झाली आहे आणि गावात दवंडीही झाली आहे. मग ती ताईबाईकडे गेली. तिथे तिने भलतंच सुरू केलं. शाळेच्या खोलीत गर्दी फार होईल, खिडक्यांना पोती लावतील, जीव घाबरेल, तुझे डोळे दुखतात.

ताईबाई पीठ मळत होती. "मी येसू," ती म्हणाली. "दोन वरीस जो मानूस मना डोकामा शे, त्यानं तोंड तरी दखू दे."

भिकुबाई घराकडे निघाली. खरं सांगावं तर दोन वर्षांच्या भाकरी मध्ये येत होत्या. न सांगावं तर उद्या ते टीव्हीच्या काचेवर दिसणारच होतं.

शाळेची खोली गच्च भरली. लेकराबाळांसकट बायका, पुढे टेबलावर टीव्ही, त्याला झेंडूची माळ. भिकुबाई दाराजवळ बसली. टॉकीजमध्येही ती नेहमी दाराजवळच बसे. ताईबाई तिला खेटून.

पिक्चर सुरू झाला आणि पाच मिनिटांत बायका नटांच्या आधी बोलू लागल्या. बाप काठी उचलणार, हे त्यांना ठाऊक. बंदरावरचा मुकादम वरून गोड आणि आतून खोटा, हेही ठाऊक. मुलाने पहिल्यांदा तोंड दाखवलं तेव्हा मात्र बेबाबाई मागे वळली.

"भिकू, याले तर मिशीच नही वं. तुनावाला मिशीवाला व्हता."

हशा पिकला. भिकुबाईही हसली. मिशी तिने उखर्डूची लावली होती. गाणी आली तशी सगळी खोली गाऊ लागली. चाल एखाद्या ठिकाणी पिक्चरपेक्षा वेगळी जाई, ती उखर्डूच्या क्लॅरिनेटची. बायका बिनदिक्कत उखर्डूचीच चाल गात राहिल्या. एरवी भिकुबाईला आभाळ ठेंगणं झालं असतं. पण तिचं सगळं लक्ष शेजारच्या बाईच्या श्वासावर होतं.

मग बाप मेला. मग मुलाने गाठोडं बांधलं. स्टेशन आलं, गाडीचं इंजिन दिसलं, आणि भिकुबाईच्या तळव्यांना मुंग्या आल्या. इतक्या वर्षांची सवय. तिचा हात पिशवी शोधू लागला, आणि पिशवी नव्हती.

त्याच हातावर ताईबाईचा हात पडला.

"ऊठ," ती कानाशी म्हणाली. "आपली यष्टी निंघी जाई."

भिकुबाईने अंधारात तिच्याकडे पाहिलं. ताईबाई तोवर गुडघ्यावर हात टेकून उठली होती. दाराला लावलेलं पोतं बाजूला करून ती बाहेर पडली, आणि भिकुबाई तिच्या मागोमाग. या खेपेला तिने मागे वळून पाहिलं नाही.

बाहेर उन्हं उतरली होती. यात्रेतले पाळणे फिरत होते, खमंग भज्यांचा वास सुटला होता. दोघी फाट्यापर्यंत चालत आल्या आणि एसटीच्या थांब्यावरच्या दगडावर बसल्या.

"अक्का, तुले कव्हयपासून..."

"मनं माहेर धुयानं शे," ताईबाई म्हणाली. "पिच्चर कव्हय सुटस नि यष्टी कव्हय निंघस, हाई माले माहीत नही का?"

"मंग भाकर?"

"भाकर मनी शे. तुनी थोडी शे?"

भिकुबाईला रडू आलं. ताईबाईने तिला रडू दिलं. शाळेकडून आधी पिक्चरमधल्या गाडीचा धडधडाट आला, मग सनईसारखं काहीतरी, आणि मग एकदम पन्नास बायकांचं हुंदके देणं. लांबून ते एखाद्या लग्नघरी मुलीची पाठवणी चालली असावी तसं वाटत होतं.

"आते सांग," ताईबाई म्हणाली. "पोऱ्या गाडीमा बठना. मंग?"

भिकुबाईने डोळे पुसले. तिने घाई केली नाही. गाडी सुटली. मुलगा खिडकीपाशी बसला. दोन वर्षांपूर्वी तिने सांगितलं नव्हतं तेही आता ती सांगू लागली: वाटेत त्याला कुणी पाणी दिलं, गावचा फाटा आला तेव्हा त्याला आधी कुठलं झाड ओळखू आलं, दारातल्या कुत्र्याने त्याला कसं हुंगलं. ताईबाई मान हलवत ऐकत होती, आणि मधूनच विचारत होती, की तो वाळलेला होता का, त्याच्या पायात चप्पल होती का. होती, भिकुबाई म्हणाली, नवी होती.

धुळ्याहून एसटी आली. यात्रेची माणसं उतरली, पिशव्या उतरल्या, एक कोंबड्यांची डाल उतरली. ताईबाईने प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. कंडक्टरने घंटी मारली, गाडी पुढे गेली आणि धूळ खाली बसली.

"चाल," ताईबाई म्हणाली. "चुल्हा पेटाडनी येय व्हयनी."

शाळा सुटल्यासारख्या बायका डोळे पुसत रस्त्याने येत होत्या. बेबाबाईने भिकुबाईला पाहिलं आणि ती थांबली. तिचं नाक लाल झालं होतं. काहीतरी बोलायला तिने तोंड उघडलं, मग तिची नजर शेजारच्या ताईबाईवर गेली.

"सोमवारले वरल्या वावरमा वेचनी शे," ती एवढंच म्हणाली. "लवकर येजो. नवं काही तरी सांगजो."

भिकुबाईने ताईबाईला तिच्या दारापर्यंत सोडलं. निघताना पाय निघेना, म्हणून ती बोळाच्या तोंडाशी उभी राहिली. आत चूल पेटली, धूर कौलांतून वर आला. थोड्या वेळाने परातीवर भाकर थापल्याचा आवाज सुरू झाला. मग तो थांबला.

भिकुबाई तशीच उभी राहिली.

आतून पुन्हा पीठ मळल्याची चाहूल आली, बांगडी परातीला लागली, आणि दुसरी भाकर थापली जाऊ लागली.