रातव्याचं पान

चैत्र सरत आला होता आणि माणदेशाचा माळ सोन्याचा झाला होता. हे उगाच कौतुकाने म्हणत नाही. वाळलेल्या कुसळी गवतावर सकाळचं तिरपं ऊन उतरलं, की क्षितिजापर्यंत कनकवर्णी, मंदकंपित, मौनमग्न अशी पृथ्वी उजळत जायची. वर निरभ्र नीलिमा. खाली पीत, पिंगट, ताम्र, धूसर रंगांची निःशब्द दाटी. हिरव्यापलीकडे ज्यांना सौंदर्य ठाऊक नाही, ते या माळाला पडीक म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या माळावर उर्वी शेंडगे चालली होती, बगलेत चित्रफलक आणि चेहऱ्यावर नाराजी घेऊन.

चित्रकलेच्या शेवटच्या वर्षाला गुंजाळ सरांनी प्रकल्प दिला होता. आपल्या मातीतला एकेक वन्यजीव एकेकाने रंगवायचा, आणि त्या चित्रांचं पुस्तक जिल्ह्यातल्या शाळाशाळांत जायचं. चिठ्ठ्या टाकल्या. कुणाला बिबट्या आला, कुणाला शेकरू, एका नशीबवानाला चक्क मोर. उर्वीला आला रातवा. दिवसा भुईवर निजणारा, रात्री किडे टिपणारा, मातकट पाखरू. तिचं तोंड एवढंसं झालं. पण त्या पुस्तकात आपलं पान हवंच, आजोळच्या शाळेतल्या पोरांनी ते उघडायलाच हवं, हा तिचा ध्यास होता. आणि रातवे होते मामांच्या गावच्या माळावर.

"पाय जपून टाक गं," मागून मामा म्हणाले. "हितंच कुठंतरी असंल."

तिने पाऊल उचललं आणि समोरची मातीच उडाली. ना फडफड, ना चीत्कार. धुळीचा एक पिंगट झोत वर आला, त्याला पंख फुटले, आणि तो पलीकडच्या गवतात उतरून विरून गेला. जिथून तो उडाला तिथे, उघड्या भुईवर, खाली काडी नाही की कापूस नाही, दोन अंडी होती. फिक्या गुलाबी कवचावर तपकिरी शिंतोडे. उर्वीचा टाच टेकवलेला पाय त्यांच्यापासून वीतभरावर होता.

मामांनी तिचा दंड धरून तिला ओढलं. "माघारी चल. उनानं अंडी भाजत्याल. आपण हाय तवर ती यायची न्हाय."

दोघं थोड्या अंतरावरच्या बोरीखाली जाऊन बसली. ऊन चढत होतं. उर्वीचं काळीज त्या दोन अंड्यांपाशी राहिलं होतं. मग गवताच्या मुळाशी काहीतरी सरकलं, थांबलं, पुन्हा सरकलं, आणि अंडी झाकली गेली. मादी परतली होती. उर्वीने सुटकेचा श्वास सोडला आणि पेन्सिल काढली.

एक रेघ ओढून तिने वर पाहिलं. पक्षी नव्हता.

उडाला कसा असेल? ती तर तिथेच पाहत होती. तिने डोळे ताणले. खडा, काडी, सावली, खडा. आणि मग त्या खड्यावर एक मिटल्यासारखी, काळ्या रेघेएवढी पापणी दिसली. ती होती! तिथेच होती, तशीच होती, हललीसुद्धा नव्हती. उर्वीने पुन्हा कागदाकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि पुन्हा तिथे नुसता माळ होता.

असं किती वेळा झालं कोण जाणे. दर वेळी ती हरवायची, दर वेळी सापडायची. पिसांवर गवताच्या काड्या होत्या. पिसांवर काड्यांच्या सावल्या होत्या. पिसांवर जळक्या मातीचे ठिपके होते, राखेची करडी लव होती, ऊन होतं. हा सारा सुवर्णधूसर, तृणशीर्ण माळ कुणीतरी एका ओंजळीएवढ्या देहावर काढून ठेवला होता, आणि तोही इतक्या निगुतीने, की डोळे विस्फारून पाहणाऱ्यालाही पत्ता लागू नये. उर्वीला एकदम रडू आलं. आपण चित्रकार व्हायला निघालोय, आणि इथे हे असं काम उन्हात उघड्यावर पडलंय!

सुट्टीभर ती रंगवत राहिली. खडान्‌खडा, काडीन्‌काडी. हात जसजसा साधत गेला, तसतशी मादी कागदावरूनही दिसेनाशी होत गेली.

"गवत सुरेख," सुट्टी संपल्यावर गुंजाळ सर चित्र बघून म्हणाले. "पक्षी कुठाय?"

"आहे ना, सर."

"पुस्तक लहान मुलांचं आहे, उर्वी. त्यांना चटकन दिसायला नको? मागचा पसारा काढ, पांढऱ्यावर नुसता पक्षी कर. नाहीतर हे पान घेता येणार नाही. उद्या गठ्ठा छपाईला जातोय."

तिने संध्याकाळी दुसरा कागद घेतला आणि सरांनी सांगितलं तसं केलं. पक्षी ठसठशीत आला. चोच, चोचीभोवतीच्या राठ मिशा, पंख, सगळं चोख. पण त्या शुभ्र, निस्तृण, निष्करुण पांढऱ्यात तो इतका उघडा पडला, की उर्वीला बघवेना. घार बघेल, खोकड बघेल, मुंगूस बघेल. आणि अंडी? तिने कागद फाडला. पान गेलं तर गेलं. सकाळी ती पहिलंच चित्र घेऊन गेली आणि तिने ते सरांपुढे ठेवलं.

सर वैतागले. गुंजाळ सरांचा आवाज तीन वर्ग ओलांडून जातो. तो आताही चढणार होता. त्यांनी बोट ठेवून शोधायला सुरुवात केली. काडी, खडा, सावली. काडी, खडा...

बोट थांबलं.

कागदावरच्या गवतातून, मिटल्यासारख्या एका रेघेतून, कुणीतरी त्यांच्याकडे पाहत होतं.

सरांनी बोट अलगद उचलून घेतलं. मागे पोरांचा गलका चालला होता, कुणीतरी बाक ओढलं. सर वळले, ओठांवर बोट ठेवलं, आणि ज्या आवाजात आजवर त्यांना कुणी बोलताना ऐकलं नव्हतं त्या आवाजात म्हणाले, "शूऽऽ... अंड्यांवर बसलीय."

मग दोन्ही तळव्यांवर तो कागद आडवा तोलून, श्वास आवरून, छपाईला जाणाऱ्या गठ्ठ्याकडे ते निघाले. हळू, अगदी हळू, जराही न हलवता.