तानूचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना, दोन डोळ्यांचा कॅमेरा आहे. वरच्या डोळ्याने मी बघतो आणि खालच्याने धरून ठेवतो. सध्या सेलूला नागनाथ मास्तरांच्या कपाटात पडून आहे. काचेवर बुरशी चढली आहे, पण दिसायचं ते दिसतंच.

मास्तर आधी लिहिणारे. अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत जवळच्या एका गावातली घरं जळाली. ती डोळ्यांनी बघून त्यांनी पेपरला चार पानं लिहून पाठवली. शेजारचे व्यंकटराव म्हणाले, "मास्तर, हे तर तुमी मनानंच लिव्हलंय." ते बोलणं मास्तरांच्या फार जिव्हारी लागलं. पुढच्याच महिन्यात ते परभणीला, मी होतो त्या कॅमेऱ्यांच्या दुकानात आले, नवाकोरा चकचकीत कॅमेरा बाजूला सारला आणि मला उचललं. म्हणाले, "ह्याच्यात मान खाली घालून बघावं लागतं. समोरच्याला धाक वाटत न्हाई." तेव्हा मी काय फुगलो होतो म्हणून सांगू! पेन माझ्या खिजगणतीतही नव्हतं.

एका रोलमध्ये माझे बाराच फोटो निघायचे आणि गावात गेलं की माणसं पन्नास. मग मास्तरही फोटोवाल्यांची युक्ती शिकले. रोल संपला तरी कुणाचं मन मोडायचं नाही, नुसता फ्लॅश मारायचा. मागाहून कुणी विचारलंच, तर खराब झाला म्हणायचं.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका गावाहून ऊसतोडीची टोळी निघाली होती. दिवेलागणीची वेळ, ट्रक भरलेला. टोळीतल्या झुंबरबाईंनी लेकीला ट्रकमधून खाली उतरवलं. "मास्तर, माझ्या तानूचा एक काढा." माझ्या पोटात काहीच नव्हतं. मास्तर म्हणाले, "हस की गं, तानू." ती हसली, फ्लॅशच्या उजेडाने तिचे डोळे मिटले आणि तिला घेऊन ट्रक गेला.

तानू उसाच्या फडावरच तापाने गेली. तेव्हापासून माझ्या वरच्या डोळ्यात ती तशीच उभी आहे. खाली काही उतरत नाही.

शिमग्यानंतर झुंबरबाई सेलूच्या बाजाराला आल्या आणि फोटो मागू लागल्या. "धुवायला टाकलाय, मावशी," मास्तर म्हणाले. पुढच्या बाजारी त्या पुन्हा आल्या. "डोळे मिटलेले आले असले तरी चालंल, मास्तर."

मास्तरांना घास जाईना. शेवटी त्यांनी पेन घेतलं आणि आठवेल तशी तानू लिहून काढली. मला पेनाचा हेवा वाटला, मित्रांनो. गेलेल्या क्षणाकडे त्याला परत जाता येतं, मला येत नाही.

तिसऱ्या बाजारी मास्तरांनी ते वाचून दाखवलं. काखेत गाठोडं, एका हातात दोन बांगड्या, दुसऱ्यात एकच, हसताना ओठ दातांवर ओढून घ्यायची सवय. झुंबरबाई मान हलवत ऐकत होत्या. "बराबर लिव्हलंय. अशीच व्हती. आता फोटो द्या."

"मावशी, फोटो न्हाई. रोल संपला व्हता. नुसता उजेड पाडला मी."

 झुंबरबाई म्हणाल्या, "मग माझी लेक कुणाकडं बघून हसली?"

माझ्याकडे बघून, मित्रांनो. म्हणून सांगतो, कुणाला हस म्हणण्याआधी आपला कॅमेरा उघडून बघा. रिकामा असला तर तोंडावर सांगा. माणसं रुसतील, पण वाट बघत बसणार नाहीत.