खंडेनवमीची चाचणी

दोन महिने डोकं फोडून इरावतीने दुसरा कोअर स्विच आणवला होता. उचगावच्या त्या पंप कारखान्यात ऑफिसचे सगळे कॉम्प्युटर, फोन आणि गोदामातले स्कॅनर शेवटी एकाच पेटीत, म्हणजे कोअर स्विचमध्ये, येऊन मिळत. एप्रिलमध्ये ती पेटी बंद पडली आणि सारं ऑफिस दोन दिवस हातावर हात ठेवून बसलं. नेटवर्क सांभाळणारी एकटी इरावती. पेटी मेली, पण बोलणी हिला बसली. म्हणून तिने आठ पानी आराखडा लिहिला. स्विच दोन, दोघांची वीज वेगळी, प्रत्येक मजल्यावरून दोघांकडे स्वतंत्र वायर. एक पडला तर दुसऱ्याने क्षणात काम उचलायचं.

मालक विजयसिंहांनी आठातलं पहिलं पान तरी वाचलं असावं. स्विच आला, बसला, आणि पुढे तीन महिने काहीच बिघडलं नाही. असल्या कामाचा घात तिथेच होतो. दसरा जवळ आला तसा मालकांचा निरोप आला, की दुसरा स्विच नुसता बसून खातोय, दसरा झाला की गडहिंग्लजच्या डेपोत धाडा.

भरल्या ऑफिसात एक स्विच बंद करून दाखवला असता तर वाद मिटला असता. पण दुसऱ्याने ऐन वेळी कच खाल्ली तर? एप्रिलचा चटका अजून ताजा होता. इरावतीने चाचणी या आठवड्यावरून पुढच्या आठवड्यावर ढकलली.

खंडेनवमीला कारखान्यातल्या लेथ बंद होत्या, त्यांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ऑफिस तेवढं चालू होतं, कारण मालाचे ट्रक निघायचे होते. अकराच्या सुमारास इरावती स्विचच्या खोलीत गेली आणि दारातच थबकली. पहिल्या स्विचचा एकही दिवा लागलेला नव्हता. त्याच्यावर हळदकुंकू होतं आणि समोर म्हातारा शिपाई पिराजी हात जोडून उभा.

"पिराजीमामा, हा कुणी बंद केला?"

"म्याच की. पुजंच्या वक्ताला हत्यार चालवायचं नसतंय, म्याडम. झाला अर्धा तास."

इरावतीने कान दिला. पलीकडे प्रिंटर चालू होता, कुणीतरी फोनवर ट्रकचा नंबर सांगत होतं. अर्ध्या तासात कुणाला पत्ताही लागला नव्हता. तिला भरून आलं.

तेवढ्यात प्रसादाला मालक आले. तिने त्यांना विझलेला स्विच दाखवला. "बघा, हा बंद आहे, तरी काम थांबलेलं नाही."

मालकांनी पेढा तोंडात टाकला. "मग ह्यो कशाला पायजे? ह्योच जाऊ दे की गडहिंग्लजला."

पिराजीने पहिल्याचं बटण दाबलं आणि दुसऱ्याकडे वळला. "आता ह्येची पूजा. पर मालक, एकच ऱ्हायला तर फुडल्या साली कसं करायचं? ऑफिस बंद ठेवायचं का पूजा चुकवायची?"

मालक चावायचे थांबले. वडिलांच्या वेळेपासून खंडेनवमीची पूजा चुकली नव्हती, आणि दसऱ्याचा ट्रकही कधी अडला नव्हता. त्यांनी दोन्ही पेट्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

"ऱ्हाऊ देत दोन्ही," ते म्हणाले आणि गेले.

पहिल्याचे सगळे दिवे लागेपर्यंत इरावती थांबली. मग दुसऱ्याचं बटण तिने स्वतःच्या हाताने बंद केलं. पलीकडचा प्रिंटर चालूच राहिला.

दुपारी तिने आराखड्याला नववं पान जोडलं. चाचणी: दरवर्षी, खंडेनवमीला. जबाबदारी: पिराजी.