जाताना रंगलेले पाहुणे

मालन सबनीस पक्षी बघायला लागली ती शाळेतून निवृत्त झाल्यावर. त्याआधी तिला कावळा, चिमणी, पोपट आणि साळुंकी एवढेच पक्षी ठाऊक होते. शेजारच्या भावनाने एकदा हट्टाने तिला गाडीत घालून खाडीवर नेलं, गळ्यात स्वतःची दुर्बीण अडकवली, आणि त्या दिवसापासून मालन बदलली. दोघी डोंबिवलीहून पहाटे निघायच्या, कधी अंबिवलीच्या टेकड्यांवर, कधी तानसाच्या जंगलात, एकदा तर एका घुबडापायी खानदेशापर्यंत. नवऱ्याला, सुदेशला, यातलं काही कळायचं नाही. त्याच्या लेखी पक्षी म्हणजे गॅलरीत घाण करणारी कबुतरं. पण ती परत आली की तो आयता चहा पुढे करायचा आणि सगळी हकीकत ऐकून घ्यायचा.

मग भावना मुलाकडे नाशिकला राहायला गेली आणि तिच्याबरोबर गाडीही गेली. त्याच हिवाळ्यात संचिता, मालनची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. डॉक्टरांनी तिला जास्त हालचाल करू नकोस म्हणून सांगितलं होतं. मालनने दुर्बीण कपाटात ठेवली. कोणी विचारलं तर म्हणायची, "आता कुठे वेळ आहे?"

संचिताने दोन महिने आईचं तोंड बघितलं आणि एका रविवारी नवऱ्याला फर्मान सोडलं, "दिपेश, आईला टिटवाळ्याला घेऊन जा. पळसमैना आल्यात म्हणतात. इथे बाबा आहेत माझ्यापाशी."

दिपेश म्हात्रे दर रविवारी बायकोला भेटायला यायचा. त्यांचं गाव डोंबिवलीला लागूनच, घरची शेती होती तिथे आता इमारती उभ्या राहिलेल्या, आणि त्याचा बांधकामाच्या सामानाचा धंदा होता. माणूस चांगला, पण सासूशी काय बोलावं हे त्याला लग्नाला तीन वर्षं झाली तरी सुचलेलं नव्हतं. "चहा घेणार ना?" "चालेल." "जेवूनच जा." "नको, घरी सांगितलं नाही." एवढ्यावर त्यांचं संभाषण संपायचं.

टिटवाळ्यापर्यंतच्या रस्त्यात तर तेवढंही झालं नाही. गावाबाहेर मोकळ्या माळावर पळस फुललेले होते. मालन उतरली, दिपेश गाडीतच एसी लावून फोनवर कुणाला तरी विटांचा हिशोब समजावत बसला. थोड्या वेळाने गाडीवरून सावली सरकली म्हणून त्याने वर बघितलं. हजारभर पक्ष्यांचा थवा आभाळात एकदम वळला, चादर झटकावी तसा, आणि समोरच्या झाडांवर उतरला. काळं डोकं, काळे पंख आणि मधलं अंग गुलाबी. सगळे एकाच वेळी कलकलत होते.

"नंतर करतो," तो फोनवर म्हणाला आणि खाली उतरला. "कुठून येतात हे?"

"मध्य आशियातून. हिवाळाभर इथे असतात. आता निघायची तयारी चाललीय. खाऊन घेतायत."

"आणि अंडी?"

"ती तिकडे जाऊन."

दिपेशने विचार केला. "म्हणजे बाळंतपणाला तिकडे. मग ते माहेर. सासर इकडे."

मालनला हसू आलं. इतकी वर्षं ती स्थलांतरावर वाचत होती, पण हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. "तसंच म्हणायला पाहिजे," ती म्हणाली आणि दुर्बीण त्याच्या हातात दिली.

त्यानंतर दोन-तीन रविवार ते गेले. गांधारीच्या पुलाखाली, मग पडले गावाच्या बाजूला. दिपेशला नावं लक्षात राहायची नाहीत. तो पक्ष्यांना ओळखीच्या माणसांची नावं द्यायचा. पाण्यात एका पायावर तासन् तास उभा राहणारा बगळा म्हणजे त्याचं एक गिऱ्हाईक, दुकानात येऊन काही न घेता उभं राहणारं. मालन घरी येऊन संचिताला हे सांगायची आणि दोघी हसायच्या.

एप्रिलमध्ये मालनच्या पक्षीवाल्या ग्रुपवर एक फोटो आला. ठाण्याच्या खाडीत ग्रेट नॉट दिसला होता. रविवारी चहा घेताना तिने दिपेशसमोर सहज विषय काढला. "चिखलात चोच खुपसत फिरणारा पक्षी आहे. आपल्याकडे क्वचित दिसतो. आणि गंमत म्हणजे हे चिखलातले पक्षी हिवाळाभर मातकट असतात, सगळे सारखेच. पण परत निघायच्या आधी थोडे दिवस त्यांच्या अंगावर रंग चढतो. तिकडे सैबेरियात जाऊन लग्नं करायची असतात ना. ते रंगलेले मी कधी जवळून बघितलेच नाहीत. काठावरून नुसते ठिपके दिसतात."

"होडी पाहिजे मग," दिपेश म्हणाला. "काळुराममामांची आहे. ठाण्यालाच, खाडीवर."

काळुराममामा, दिपेशच्या आईचे भाऊ, सत्तरी ओलांडलेले आणि अजून काटक. त्यांनी विहीणबाईंना हात देऊन होडीत बसवलं. गोदामामींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी बांधून दिली, वर एक मोठी काळी छत्री. "उनाची घ्या हो, विहीनबाय. खारीत सावली नाय."

भरतीच्या पाण्यावर तिघं आत गेले. दूर एका चिखलाच्या बेटावर पक्ष्यांची दाटी होती. मामांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने होडी रेटत जवळ नेली. मालन दुर्बिणीला डोळे लावून बसली. थोड्या वेळाने मामा म्हणाले, "पानी उतराला लागलाय. निघूया."

"पाचच मिनिटं, मामा."

मामांनी पाच मिनिटं दिली. मग आणखी पाच. पाहुणीला किती टोकायचं, म्हणून ते तिसऱ्यांदा बोलले नाहीत. मग होडीखाली खरखर झाली आणि होडी थांबली. मामांनी बांबू लावून पाहिला, दिपेशने दुसऱ्या बाजूने जोर लावला. होडी जरा कलली आणि तशीच बसली.

"झाला," मामा शांतपणे म्हणाले. "आता भरती येईपरयंत होरी हालाची नाय. बसाचा."

मालनचा चेहरा पडला. "माझ्यामुळे झालं हे."

"खारी हाय, विहीनबाय. आमी पन रुतलोय कितीदा." त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं, खाऊन घेतलं आणि डोक्यावर टॉवेल टाकून होडीच्या टोकाला आडवे झाले.

ऊन तापलं. दिपेशने छत्री उघडली आणि सासूच्या डोक्यावर धरून बसला. ती म्हणाली, "तुम्हीही घ्या सावलीत." मग दोघं एका छत्रीखाली खांद्याला खांदा लावून बसले, आणि मालनच्या मनात आलं की आपण जावयाच्या इतक्या जवळ आजवर कधी बसलेलोच नाही.

संचिताचा फोन आला. दिपेशने स्पीकर लावला.

"कुठे आहात?"

"खाडीत. रुतलोय."

"दोघं पण?"

"मामा पण. ते झोपलेत."

"आईला पाणी दे. आणि आई, टोपी काढू नकोस." तिने फोन ठेवला तेव्हा ती हसत होती की चिडली होती, ते दोघांनाही कळलं नाही.

पाणी ओसरत गेलं आणि चारी बाजूंनी चिखल उघडा पडला. मग मालन म्हणाली, "बरं झालं यावर्षी मी आले. पुढच्या वर्षी काही जमणार नाही."

"का?"

"बाळ असेल ना. संचिताची नोकरी सुरू होईल. मग मलाच सांभाळायचंय." तिने घाईने पुढे जोडलं, "मला हवंच आहे ते. तक्रार नाही माझी. फक्त हा महिना-दीड महिना असतो ना, हे जातात तेव्हाचा, तेव्हा घरात बसवत नाही."

दिपेशने छत्री दुसऱ्या हातात घेतली. "तुम्ही एकट्याच सांभाळणार हे कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात?"

"आमच्या आईला विचारा. ती म्हणते, बाळ मी कोणाच्या हातातच देणार नाही. आणि मी आहे की. धंदा माझाच आहे, चार दिवस दुकान उशिरा उघडलं तर कोण ओरडणारे? तुम्ही आजी होणार, आई. वॉचमन नाही होणार."

मालनने पदराने चष्मा पुसला, तो पुसायची गरज नसताना.

आणि तेवढ्यात ते आले. होडी हलत नाही, माणसं हलत नाहीत, हे बघून आधी चार-दोन तुतवार पक्षी पळत आले, मग चिखल्यांचा कळप, मग शेकड्यांनी. विटकरी छातीचे, तांबूस पोटाचे, लांब वाकड्या चोचींचे. हिवाळ्यात ज्यांना तिने मातकट ठिपके म्हणून सोडून दिलं होतं, ते हळदी-कुंकवाला निघाल्यासारखे नटून तिच्यापासून दहा हातांवर चिखल टोचत होते. दुर्बिणीची गरजच नव्हती. त्यांच्या पायांचा चपचप आवाजही ऐकू येत होता.

"तो जाडा कोण?" दिपेश कुजबुजला. "डावीकडे. सगळ्या छातीवर काळे ठिपके, पाठीवर तांबडं."

मालनने बघितलं. तिने दिपेशचं मनगट घट्ट धरलं आणि सोडलं नाही. तो पक्षी आपल्याच नादात होडीच्या कडेकडेने चालत आला, थांबला, चोच मुळापर्यंत चिखलात घातली, एक शिंपला ओढून गिळला आणि पुढे गेला. फोटो काढायचं दोघांनाही सुचलं नाही.

"तोच," ती बऱ्याच वेळाने म्हणाली.

"सैबेरियावाला?"

"हो. इथून तिथपर्यंत. याच पंखांवर."

"एवढं खातोय म्हणून जातोय," दिपेश आदराने म्हणाला.

भरतीचं पहिलं पाणी आलं तसा सगळा थवा एकदम उठला, होडीवरून फिरला आणि खाडीच्या वरच्या अंगाला निघून गेला. मालन बघत राहिली. ते त्याच दिवशी उत्तरेकडे निघाले की नुसतेच पलीकडच्या चिखलावर गेले, ते तिला सांगता आलं नसतं. मामा उठून बसले. "दिसला का तुमचा पाहुना?"

"दिसला, मामा."

"मंग बरा झाला रुतलो."

घरी पोचेपर्यंत दोघांचीही नाकं भाजून लाल झाली होती. संचिताने दोघांना एकत्र उभं करून रागावून घेतलं, सुदेशने कोरफड कापून आणली, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच दिपेश न विचारता जेवायला थांबला.

मे महिन्यात संचिताला मुलगी झाली. तिचं नाव अमृता ठेवलं. पुढचं वर्षभर मालनने, दिपेशच्या आईने आणि सुदेशने तिला वाटून घेतलं, तरी कोणाच्या वाट्याला ती किती आली यावर रुसवेफुगवे व्हायचेच. मार्चमध्ये भावनाचा नाशिकहून फोन आला. कच्छला जायचं का? परतीचे पक्षी तिथे मोठ्या संख्येने उतरतात. मालन नाही म्हणणार होती. दिपेशने तिच्या हातातून फोन घेतला आणि भावनाला सांगितलं, "त्या येतायत."

स्टेशनवर सोडायला तो अमृताला खांद्यावर घेऊन आला. आजी डब्यात चढताना बघून तिने भोकाड पसरलं. मालनचा पाय पायरीवरच अडखळला.

"आई, बसा तुम्ही," दिपेश म्हणाला. "ही रडणारच. गाडी सुटली की मी हिला कबुतरं दाखवतो."

कच्छमध्ये पहिले दोन दिवस मालन पक्ष्यांइतकंच फोनकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी न राहवून तिनेच फोन लावला. दिपेशने उचलला आणि घाईघाईत म्हणाला, "आई, नंतर करा. आत्ता मऊभात चाललाय, अर्धा माझ्या शर्टावर आहे."

मालनला आधी जरा राग आला. मग ती हसत सुटली.

"काय झालं?" भावनाने विचारलं.

"काही नाही गं. चल, ऊन चढायच्या आत निघू."