दादांच्या वाढदिवसाचं इरलं

मी फ्लेक्स बोलतोय. व्हय, तोच, चौकात तुमचा सिग्नल झाकून उभा असतो तो! चिडू नका पावणं, जरा ऐका तरी.

माझा जन्म कोल्हापुरात, छपाईच्या मशीनवर झाला. बाहेर आलो तेव्हा शाई ओली होती आणि अंगभर विश्वजितदादा होते. गॉगल, मिशी, जोडलेले हात, खाली शुभेच्छुकांचे बारके-बारके फोटो. वर लिहिलेलं, 'भावी नगरसेवक'. दादा गेल्या तीन निवडणुका भावीच आहेत, पण मला काय त्याचं? उंचावरून सगळ्या गावाकडं बघून मी हसत होतो. लई रुबाब केला!

वाढदिवस संपला. केक खाऊन कार्यकर्ते गेले ते गेलेच. माझी एक दोरी तुटली आणि दादांचं तोंड शेजारच्या रसवंतीच्या छपरावर आपटायला लागलं. शेवटी वैतागून रसवंतीवाल्यानं मला काढलं आणि गटारीच्या कडेला टाकलं. रडूच आलं हो.

तिथून मला उचललं संयोगितानं. ही पोरगी चित्रकार, पण रंगाला हात लावत नाही. लोकांनी टाकलेल्या वस्तूंतून असं काही मांडते की बघणारा आधी हसतो आणि मग गप्प होतो. तिचे वडील म्हणाले, "एवढं शिकून भंगारच गोळा करायचं होतं व्हय?" ती हसली आणि कात्री घेऊन माझ्यावर बसली. शुभेच्छुक सगळे कापले गेले. दादांचं तोंड आणि हात तेवढे राहिले.

मग तिनं मला बांबूच्या सांगाड्यावर ताणून शिवलं. माझं इरलं झालं! पावसात भात लावताना बायका डोक्यापासून कमरेपर्यंत पाठ झाकून घेतात ना, तेच. टाकून दिलेल्या फ्लेक्सांची अशी डझनभर इरली घेऊन ती शाहूवाडीत गेली. मी बायडाबाईंच्या वाट्याला आलो. त्यांचं जुनं इरलं गळायचं. गेल्या पावसाळ्यात भिजून भिजून त्या अंथरुणाला खिळल्या होत्या.

आणि काय सांगू! चिखलात वाकलेल्या बायका, आणि प्रत्येकीच्या पाठीवर एकेक पुढारी, धो धो पावसात हात जोडून हसतोय. संयोगितानं बांधावरून फोटो काढला. तो अख्ख्या जिल्ह्यात मोबाईलवर फिरला. कुणीतरी खाली लिहिलं, 'काम बायकांचं, फोटो दादांचा.' नाद खुळा!

दुसऱ्या दिवशी बांधाजवळ गाडी थांबली. खुद्द विश्वजितदादा! कपडे पांढरे, तोंड लाल. "माझं तोंड काढा आधी ह्या बाईच्या पाठीवरनं! बदनामी चाललीय!"

"पण दादा, तुमच्याच माणसांनी वाऱ्यावर सोडलेलं की," संयोगिता म्हणाली. ते ऐकेनात. मी गेलो तर बायडाबाईंची पाठ पुन्हा उघडी पडणार.

बायडाबाई वाकल्या-वाकल्याच म्हणाल्या, "न्या की. येऊन काढा."

दादा तावातावानं शेतात उतरले आणि गुडघाभर चिखलात रुतले. एक बूट तिथंच राहिला. तेवढ्यात पावसानं असा जोर धरला की बोलायची सोय नाही. मोबाईल छातीशी धरून दादा भिजत उभे. बायका खो खो हसतायत. मीही हसतोय, पण मी काय, कायमच हसतो.

बायडाबाईंनी मला एका बाजूनं उचललं. "या आत. आजारी पडशीला."

दादा मुकाट आत शिरले. त्यांनी मला पहिल्यांदाच आतून बघितलं. तिकडं तोंड नाही, नाव नाही, नुसतं पांढरं कापड. वरून पाऊस बडवत होता आणि आत थेंब येत नव्हता. दादांनी वर हात लावून बघितला. मग हळूच म्हणाले, "गळत न्हाय की, आक्का!"

"न्हाय की. फुडच्या वाढदिवसाला जरा मोठा लावा. सासूबाईस्नीबी एक पायजे."

दादा रिकाम्या हातानं परत गेले, एका बुटावर.

आता माझा रंग उडालाय. गॉगल गेला, मिशी गेली, हात तेवढे अजून जोडलेले आहेत. त्याच हातांनी सांगतो पावणं, चौकात माझा एखादा भाऊ लोंबताना दिसला तर त्याला गटारीत टाकू नका. शाहूवाडीला पाठवा. बायडाबाईंची पाठ कोरडी आहे, पण सासूबाई अजून भिजतायत.