मुंगीने पास केलेलं उत्तर

गेली एकतीस वर्षं आमच्या साप्ताहिकातलं एकही कोडं माझ्या हाताखालून गेल्याशिवाय छापलं गेलेलं नाही. माझं पद तपासनिसाचं. कोडं करणाऱ्याने कोडं करायचं आणि त्याला एकच उत्तर निघतं की दोन, हे मी शोधायचं. एक निघालं तर छापायला, दोन निघाली तर केराच्या टोपलीत. पेन्सिलीला मी हात लावत नाही, शाईनेच सोडवतो. मागे एक कोडं इतकं चिवट निघालं होतं, की माझ्या डोक्याच्या उष्णतेने समोरच्या कपातला गार झालेला चहा पुन्हा प्यायच्या लायकीचा झाला. बायको साक्षीला आहे. तो चहा तिनेच प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाली.

तर झालं असं, की आमचे जुने कोडेवाले डोळ्यांचं निमित्त करून मुलीकडे राहायला गेले आणि कोड्याचं पान पोरकं झालं. केसांच्या तेलाची एक कंपनी त्या पानावर टपूनच बसली होती. संपादकबाईंनी मला बोलावलं. म्हणाल्या, टपालाने एक कोडं आलंय, नव्या हाताचं आहे. बरोबर निघालं तर पान त्या हाताला कायमचं द्यायचं, नाही निघालं तर या रविवारपासून तिथे तेल. कोडं कोणाचं आहे हे तपासनिसाला कळू द्यायचं नाही, अशी आमच्याकडची पद्धत. त्यामुळे वरचं नाव कात्रीने कापलेला कागद मला पाकिटातून मिळाला.

कोडं पाहिलं आणि मी खुर्चीत सरसावून बसलो. नऊ बाय नऊचं सुडोकू. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि तीन बाय तीनच्या चौकोनात एक ते नऊ हे आकडे एकेकदाच, इथवर कोणालाही माहीत असतं. पण इथे काही घरं काळी रंगवायची होती, आणि ती कुठली हेही आपणच शोधायचं. समासात प्रत्येक ओळीची बेरीज दिलेली. ती फक्त पांढऱ्या घरांची, काळ्यातला आकडा धरायचा नाही. दोन काळी घरं शेजारीशेजारी येता कामा नयेत. आणि शेवटची अट अशी, की पांढरी घरं सगळी एकमेकांना जोडलेली हवीत. कुठल्याही पांढऱ्या घरातून निघून, काळ्यावर पाय न देता, तिरकं न जाता, शेजारच्या घरातून शेजारच्या घरात करत कुठल्याही पांढऱ्या घरात पोचता आलं पाहिजे. आधी आकडे भरावेत तर काळी घरं अडवतात, आधी काळी रंगवावीत तर आकडे हसतात.

ही शेवटची अट तपासायला माझ्याकडे मुंगी होती. हसू नका. अकरा वर्षं एकच मुंगी माझ्याकडे कामाला होती, काड्यापेटीत राहायची. माझ्या शाईचा वास तिला खपत नसे, काळ्या घरात ती पाऊल टाकत नसे. एका कोपऱ्यात साखरेचा कण ठेवायचा, दुसऱ्या कोपऱ्यात तिला सोडायचं. साखरेपर्यंत पोचली की पांढरा रस्ता सलग आहे. जुने कोडेवाले काळी घरं एकमेकांपासून लांब ठेवत, त्यामुळे तिची कधी चूक निघाली नव्हती.

सोमवारी सकाळी बसलो तो बुधवारी जेवणाच्या आधी उत्तर काढून उठलो. इतकं देखणं उत्तर मी वर्षानुवर्षं पाहिलं नव्हतं. पण तपासनीस देखणेपणाला भुलत नाही. मी दुसरं उत्तर शोधायला घेतलं आणि गुरुवारी दुपारी मला ते सापडलंसुद्धा. सहा घरांतले आकडे इकडचे तिकडे, तीन काळी घरं वेगळी, बेरजा चोख. मुंगी सोडली. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून निघाली ती उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातल्या साखरेवर जाऊन बसली. मी कॉलर ताठ करून ऑफिसात गेलो आणि दोन्ही उत्तरं संपादकबाईंच्या टेबलावर ठेवली. त्यांनी सुस्कारा टाकला, तेलवाल्यांना फोन लावला आणि कोडं करणाऱ्याला नकार कळवायला सांगितलं. पान गेलं म्हणजे तपासनीसही गेला, हे माझ्या ध्यानात जिना उतरताना आलं. पण तोवर अभिमान इतका चढला होता, की मी तसाच खाली उतरलो.

शुक्रवारी दुपारी माझी मेहुणी घरी आली. बायकोची धाकटी बहीण, धंद्याने फरशीवाली. गावातल्या निम्म्या घरांच्या फरश्या तिने बसवल्यात. बावीस वर्षं जमिनीवर गुडघे टेकून तिच्या गुडघ्यांच्या वाट्या झिजल्या. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं, आता बसून करायचं काम बघा, नाहीतर सहा महिन्यांत काठी. ती खुर्चीत बसली, पाय स्टुलावर ठेवले, आणि बायकोने न विचारता गरम पाण्याची पिशवी आणून दिली. मी उत्साहात होतो. कोणा बिचाऱ्याचं कोडं कसं चारी मुंड्या चीत केलं, ते तिला तिखटमीठ लावून सांगायला लागलो. बायको मला डोळ्यांनी खुणावत होती. मला वाटलं, डोळ्यात काही गेलं असेल.

"भावोजी," मेहुणी म्हणाली, "ते बिचारं मीच."

मी उठून तिच्यासाठी चहा टाकायला गेलो. आमच्या घरात हा प्रकार विरळा.

तिने आठ महिने ते कोडं रचलं होतं. बायकोला ठाऊक होतं. मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. मला कळलं असतं तर एक तर मी सूट दिली असती, नाहीतर गावभर केलं असतं. तिला सूट नको होती. तिला पान हवं होतं, स्वतःच्या डोक्यावर मिळवलेलं, खुर्चीत बसून करण्याजोगं. ती रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, दुसरं उत्तर दाखवा. मी नक्कल दाखवली. एखाद्या नव्या न्हाणीघराचा उतार बघावा तसा तिने कागद डोळ्यांसमोर आडवा धरला आणि अंगठ्याचं नख उजवीकडच्या खालच्या भागावर टेकवलं.

"ही पाच काळी बघा. उजव्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत तिरकी उतरलीत. आतली दहा घरं तोडली गेलीत. बाहेर यायला वाट कुठंय?"

"मुंगी गेली की तिथून."

"मुंगी सांध्यातून गेली, भावोजी. चार फरश्यांची टोकं भेटतात ना, तिथून. तुम्ही काळं कसं भरता? वाटोळं. बटाट्यासारखं. टोकं पांढरी सोडता. सांधे न भरता फरशी पास करणाऱ्याला आमच्यात दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत."

मी पेन घेतलं, त्या पाचही घरांची टोकं नीट भरली आणि मुंगीला सोडलं. ती तिरक्या भिंतीपर्यंत गेली, इकडून तिकडे, तिकडून इकडे सात फेऱ्या मारल्या आणि माझ्याकडे अशी पाहायला लागली, की मला मान खाली घालावी लागली. दुसरं उत्तर उत्तरच नव्हतं. कोड्याला एकच उत्तर होतं, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा चुकला होता तो तपासनीस.

पान चार वाजता छपाईला जाणार होतं. अडीच वाजले होते. मी चपला शोधेपर्यंत मेहुणी नको नको म्हणत होती, शब्द फिरवणारा माणूस म्हणून तुमचं नाव होईल म्हणत होती. मी तिला म्हटलं, माझं नाव चांगलं मजबूत आहे, एवढ्याने तडकत नाही.

ऑफिसात तेलवाला जाहिरातीचा कागद मांडीवर घेऊन बसलेलाच होता. मी संपादकबाईंना सगळं सांगितलं. शाई, मुंगी, टोकं आणि मेहुणी. आयुष्यात पहिल्यांदा एक गोष्ट मी काही न वाढवता सांगितली, आणि नेमका तिच्यावरच कोणी विश्वास ठेवला नाही.

"काका," संपादकबाई म्हणाल्या, "काल उत्तरं दोन होती. आज कोडं मेहुणीचं निघाल्यावर एकच उरलं?"

बोलणं वाजवी होतं. त्यांच्या जागी मी असतो तर मला दाराबाहेर काढलं असतं. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, बोटावर ठेवा. या कोपऱ्यातल्या पांढऱ्या घरावर बोट ठेवा आणि शेजारच्या घरातून शेजारच्या घरात करत मधोमध येऊन दाखवा. त्यांनी बोट फिरवलं, पण म्हणाल्या, घाईत माझं चुकत असेल. मग मी कागद तेलवाल्यापुढे धरला. बाहेर यायची वाट सापडली तर पान त्याचं होतं, म्हणजे मेहनत घ्यायला त्याच्याइतका योग्य माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

त्याने जाहिरात बाजूला ठेवली. चष्मा पुसला. बोट वर गेलं, खाली गेलं, भिंतीला लागून परत आलं. आधी तो नियम पुन्हा वाचत होता, मग पुटपुटत होता, मग त्याने न विचारता माझं पेन घेतलं. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. छपाईचा माणूस दारात येऊन दोनदा खाकरून गेला. शेवटी तेलवाल्याने मान वर केली. बिचारा प्रामाणिक होता, ते त्याला नडलं.

"नाही निघत," तो म्हणाला. "कोंडलंय सगळं. आणि बाई, हे पहिलं उत्तर कसं आलं ते मला कोणी सांगेल का?"

पान मेहुणीला मिळालं. तिचं नाव कोड्याच्या वर ठळक छापलं गेलं, तेल खाली दोन बोटांच्या पट्टीत. मात्र संपादकबाईंनी त्याच दुपारी मला सांगितलं, की नात्यातल्या माणसाने नात्यातल्याचं कोडं तपासायचं नाही. मला ते पटलं. तपासनीस म्हणून त्यांनी तेलवाल्याला घेतलं. तो दर सोमवारी सकाळी हजर असतो, आणि कंपनीत त्याच्याबद्दल कुरबूर सुरू आहे असं ऐकतो. मुंगी त्याच्याकडे जायला तयार झाली नाही.

मी आता साधा वाचक आहे. मेहुणीचं पहिलं कोडं मला ठाऊकच होतं. दुसरं तिने माझ्यासाठीच रचलं असावं असा मला दाट संशय आहे. ती रविवारी येते, खुर्चीत बसते, पाय स्टुलावर ठेवते आणि बायकोशी गप्पा मारता मारता मला विचारते, "झालं का, भावोजी?"

"कधीच," मी म्हणतो.

आज त्या कोड्याचा तिसरा रविवार. उत्तर माझ्या डोक्यात पूर्ण तयार आहे, फक्त कागदावर उतरायचं बाकी आहे.